हनिमूनचं विमान नागपूरच्या सोनेगावहूनच सुटतं: लांबच्या बेटाची तिकिटं काढताना या चुका टाळा

एप्रिल संपत आला होता, बाहेर ४३ अंश. भाचा तिकिटांची प्रिंट घेऊन आमच्या प्रतापनगरच्या घरी आला आणि कूलरसमोर बसून कागद माझ्या हातात दिला. लग्न १० मेचं, ११ ला संध्याकाळी वर्धा रोडवरच्या लॉनवर रिसेप्शन, आणि मुंबईहून सिंगापूरमार्गे बालीला जाणारं विमान १२ मे, ०१:१०. "मावशी, १२ ला दिवसभर झोप काढतो अन् रात्री आरामात निघतो," तो म्हणाला.

मी वेळ पुन्हा वाचली. ०१:१० म्हणजे रात्री एक वाजून दहा. १२ तारीख लागून तेव्हा जेमतेम तास झालेला असतो. हे विमान गाठायचं तर नागपूर ११ च्या दुपारीच सोडायला हवं होतं, म्हणजे लॉनवर खुर्च्या मांडल्या जात असताना नवरा-नवरी सोनेगाव विमानतळावर चेक-इनच्या रांगेत. हातात बारा दिवस होते म्हणून भाड्यातला फरक आणि दंड भरून तारीख एक दिवस पुढे नेता आली. हेच ११ च्या संध्याकाळी कळलं असतं तर जाण्याचं तर गेलंच असतं, परतीचं तिकीटही गेलं असतं.

ही चूक हुशार मुलंसुद्धा करतात, कारण आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि विमान कंपनीचा मध्यरात्री. आपण ज्याला "अकराची रात्र" म्हणतो तिचा मोठा भाग तिकिटावर बारा तारखेत असतो. मुंबई-दिल्लीहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं नेमकी मध्यरात्रीनंतरच सुटतात. म्हणून तिकीट हातात आलं की त्यावरची तारीख बाजूला ठेवा आणि "घरातून बाहेर पडायची तारीख, वार, वेळ" एवढंच मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावा. घरातल्या सगळ्यांनी तेच वाचायचं.

नागपूर ते मुंबई हाच नाजूक तुकडा

लांबच्या प्रवासाचं नियोजन करताना सगळं लक्ष मोठ्या विमानाकडे जातं. नागपूर-मुंबईचं तिकीट मग सवडीने, स्वस्तात, वेगळं काढलं जातं. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार. नागपूरचं विमान तीन तास उशिरा सुटलं आणि पुढचं चुकलं, तर पुढची कंपनी तुम्हाला "न आलेला प्रवासी" धरते. तिच्या दृष्टीने तुमचा उशीर हा तुमचा प्रश्न. तेच सगळे टप्पे एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असतील तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी राहते, आणि सामानालाही बहुधा नागपूरलाच शेवटच्या मुक्कामाचा टॅग लागतो. टॅगवर शेवटी कुठल्या विमानतळाचं नाव आहे ते काऊंटरवरून हलायच्या आधी वाचून घ्या.

परदेशातल्या थांब्यावर तिकिटं तुटली तर आणखी अडचण. सिंगापूरला उतरून बॅग घ्यायची आणि पुन्हा चेक-इन करायचं, तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि त्यासाठी आपल्याला सिंगापूरचा व्हिसा लागतो. एकाच तिकिटावर विमानतळाच्या आतल्या आत विमान बदललं तर तो लागत नाही. फिजीला जाणाऱ्यांनी हे आधीच बघावं. भारतीयांना फिजीत पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण स्वस्त तिकीट सिडनी किंवा ऑकलंडमार्गे असलं तर तिथे नुसतं विमान बदलायलाही आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो.

आता खास आपल्याकडची चूक. एकाच पीएनआरवर नागपूर-मुंबई-सिंगापूर असं तिकीट आहे, पण लग्नाचं सामान फार, मुंबईला काकांकडे जेवण, म्हणून मंडळी ठरवतात की गाडी काढू आणि समृद्धीने मुंबईला जाऊ, तिथून विमानात बसू. असं अजिबात करू नका. तिकिटाचा पहिला टप्पा वापरला नाही की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, परतीचेसुद्धा. मुंबईच्या काऊंटरवर तुमचं बुकिंगच सापडत नाही. बेत खरंच बदलला असेल तर निघण्याआधी कंपनीला किंवा एजंटला सांगून तिकीट मुंबईपासूनचं करून घ्या. पैसे लागतील, पण प्रवास वाचेल. शिवाय नागपूर-मुंबई समृद्धी ७०१ किलोमीटर आहे. लग्नाच्या जागरणानंतर रात्री तो रस्ता चालवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, विमान मिळो न मिळो.

मुंबईत टर्मिनलही बघा. आंतरराष्ट्रीय विमानं टी-२ वरून सुटतात. नागपूरचं विमान टी-१ ला उतरलं तर रस्त्याने दुसरीकडे जावं लागतं, आणि संध्याकाळच्या गर्दीत तो छोटा रस्ता लांबतो. मी घरच्यांना मुंबईत किमान पाच तासांचं अंतर ठेवायला लावते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणं मी टाळायला सांगते, कारण तिथलं धुकं सकाळची सगळी विमानं मागे ढकलतं.

आणि नागपूरलाच विमानाला उशीर झाला तर? घाबरून मोबाईलवर नवं तिकीट काढू नका. सोनेगावच्या काऊंटरवर जा, पुढचं कनेक्शन दाखवा आणि तिथेच पुढचं विमान बदलून मागा. सामान आत गेलेलं नसेल तोवर हे सोपं असतं.

तिकिटावर नवरीचं नाव

आपल्याकडे पासपोर्टवर मुलीच्या नावामागे वडिलांचं नाव असतं. लग्नपत्रिका छापून होते, सासरचं आडनाव सगळ्यांच्या तोंडी बसतं, आणि हौसेने तिकीट नव्या नावाने काढलं जातं. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. अशा तिकिटावर विमानात बसता येत नाही. पासपोर्टवर जे आहे तेच, वडिलांच्या नावासकट, जसंच्या तसं भरा. नाव बदलायचंच असेल तर ते परत आल्यावर निवांत करा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलणं सक्तीचं नाही. एखाद्या अक्षराची चूक कंपन्या बहुधा दुरुस्त करून देतात, तीही बुकिंगच्या दिवशीच कळवली तर फार त्रास होत नाही. आडनावच वेगळं असेल तर मात्र बहुतेक वेळा तिकीट रद्द करून नवंच काढावं लागतं. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांहून जास्त आहे ना, तेही त्याच बैठकीत पाहून घ्या.

अपग्रेडचं गणित

"आमचं नुकतंच लग्न झालंय" असं काऊंटरवर सांगितलं की बिझनेस क्लास मिळतो, ही समजूत अजून घरोघरी आहे. पुढच्या जागा आधी पैसे देणाऱ्यांना जातात, मग विमानप्रवासातून किंवा कार्डावर साठवलेले पॉइंट्स वापरणाऱ्यांना. इकॉनॉमी जास्त भरली म्हणून कोणाला पुढे पाठवायचंच झालं, तर त्याच कंपनीने वारंवार उडणाऱ्या सभासदांचा नंबर आधी लागतो. हनिमूनचं सांगायचं असेल तर हॉटेलला सांगा. मॉरिशसमधल्या बऱ्याच हॉटेलांत नवविवाहितांसाठी सवलती असतात, त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला मागतात. म्हणून ही नोंदणी परत आल्यावर करू म्हणून ठेवू नका.

दुसरी चूक: सगळ्यात स्वस्त तिकीट काढायचं आणि नंतर पॉइंट्सवर अपग्रेड करू म्हणायचं. एकाच इकॉनॉमीत भाड्याचे कितीतरी प्रकार असतात आणि प्रत्येकाला एक अक्षर असतं. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांची अक्षरं वेगळी असू शकतात. सगळ्यात स्वस्त अक्षरावर बऱ्याच कंपन्या पॉइंट्सचं अपग्रेड देतच नाहीत. पैसे भरण्याआधी एजंटला हे अक्षर विचारा आणि "यावर अपग्रेड चालतं का" याचं उत्तर लेखी घ्या. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं, म्हणजे कोडशेअर, असेल तर अपग्रेडची आशा जवळजवळ सोडूनच द्या. तिकिटावर "चालवणारी कंपनी" वेगळी लिहिलेली असते, ती ओळ बारीक अक्षरात असते.

तिसरी चूक बोलीची. प्रवासाच्या आधी कंपनीकडून मेल येतो: अपग्रेडसाठी बोली लावा. स्लायडर सरकवून ३०,००० वर ठेवला की वाटतं झालं. पण ती रक्कम बहुधा दर माणशी, दर टप्प्याची असते. दोघांचे ६०,०००, आणि तेही फक्त एका विमानाचे. बोली मान्य झाली की कार्डावरून पैसे जातात, मग मन बदललं तरी परत मिळत नाहीत. दोघांची नावं एकाच पीएनआरवर असली तर बोली जोडीने धरली जाते. वेगवेगळ्या बुकिंगवर असाल तर एक पुढे आणि एक मागे, असा प्रवास होऊ शकतो.

पैसे घालायचेच तर कुठल्या टप्प्यावर? माझ्या मैत्रिणीची मुलगी फिजीला गेली. मुंबई-सिंगापूर साडेपाच तास, सिंगापूर ते फिजीतलं नांदी सुमारे दहा तास. तिने दोन्हींवर थोडी थोडी बोली लावायचं ठरवलं होतं. मी तिला सगळी रक्कम दहा तासांच्या टप्प्यावर, आणि तीही जातानाच, लावायला सांगितली. हळद, सीमांतपूजन, लग्न, पाठवणी या सगळ्यातून आलेल्या शरीराला आडवं व्हायला जागा मिळणं हे खरं सुख. फिजीचं घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढे चालतं, झोप न घेता उतरलं की पहिले दोन दिवस खोलीतच जातात. परतताना माणूस विसावलेला असतो, तेव्हा इकॉनॉमी चालते. सिंगापूर ते बाली अडीच तासांचं विमान, त्यावर अपग्रेडला एक रुपयाही घालू नका.

बजेट नसेल तर जागा नीट निवडा. एअरबस ए-३३० च्या इकॉनॉमीत एका ओळीत बहुधा २-४-२ अशा जागा असतात. खिडकीकडच्या दोन म्हणजे नेमकी जोडप्याची जागा, तिसरं कोणी ओलांडून जात नाही. बोइंग ७७७ मध्ये बहुतेक ठिकाणी ३-४-३ असतं. सारख्याच भाड्याची दोन विमानं दिसली तर मी डोळे मिटून ए-३३० घेते. बिझनेसमध्ये १-२-१ रचना असेल तर मधल्या दोन जागा घ्या. खिडकीच्या मोहात पडलात तर दोघं दोन टोकांना.

पॉइंट्सबद्दल एकच सांगते. क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवले की परत फिरत नाहीत, आणि कधीकधी जमा व्हायला काही दिवस लागतात. म्हणून आधी जागा रिकामी आहे का ते बघा, मग पॉइंट्स वळवा. वडिलांचे पॉइंट्स मुलासाठी वापरायचे असतील तर कंपनीचा नियम वाचा. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या पॉइंट्स योजनेत ५ जणांपर्यंत नावं आधी नोंदवावी लागतात.

मुहूर्त एक, हंगाम दुसरा

मार्गशीर्षातल्या लग्नाला मालदीव जुळतं, तिथे डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने. वैशाखातल्या लग्नाला बाली किंवा मॉरिशस. मॉरिशसला जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ असतो. मालदीवला सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जायचं रिसॉर्ट घेतलंत तर दिवसाउजेडीच मालेला उतरा. सीप्लेन अंधारात उडत नाही, दुपारी उशिरा पोचलात तर पहिली रात्र मालेजवळच्या हॉटेलात काढावी लागते आणि रिसॉर्टची महागडी रात्र फुकट जाते. सीप्लेनवर सामान माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो, त्यापुढे जादा पैसे.

बालीला जाणाऱ्यांनी गुढीपाडव्याच्या आसपासच्या तारखा तपासाव्यात. तिथलं शक संवत्सराचं नववर्ष म्हणजे न्येपी, मौनाचा दिवस. २०२३ मध्ये तो २२ मार्चला, नेमका आपल्या पाडव्यालाच आला होता. कधीकधी दोन्हींत अंतरही पडतं. त्या दिवशी बालीचा विमानतळ चोवीस तास बंद असतो आणि पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. उतरल्यावरच्या व्हिसाचे ५ लाख इंडोनेशियन रुपिया आणि बेटाचं पर्यटन शुल्क दीड लाख रुपिया माणशी धरून चाला.

परतीचं गणित जाताना करा

येताना भारतातल्या पहिल्या विमानतळावर, म्हणजे मुंबईला, इमिग्रेशन करून बॅगा स्वतः पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून बाहेर काढायच्या आणि नागपूरसाठी पुन्हा द्यायच्या. टॅगवर नागपूर लिहिलेलं असलं तरीही. हे माहीत नसल्याने लोक रिकाम्या हाताने सोनेगावला उतरतात. यासाठी चार तास ठेवा. जाताना अंगावर लग्नातले जड दागिने असतील तर ते इथूनच नेल्याचा दाखला निघतानाच कस्टमकडून घ्या. माझं मत विचाराल तर मंगळसूत्र आणि एक जोडी कानातलं पुरे, बाकी लॉकरमध्ये.

आणि बॅग भरताना आईला शेवटचं उघडून बघू द्या. माझ्या भाच्याच्या बायकोची बॅग सोनेगावला स्कॅनरवर अडली. आत तिच्या आईने प्रेमाने ठेवलेली ओटी होती, खणात बांधलेली: तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि सुक्या खोबऱ्याची वाटी. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात चालत नाही. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पोचवायला गेले होते आणि अजून दाराबाहेरच उभी होते. तिथल्या जवानाने तिला दारापर्यंत येऊ दिलं, तिने खण तसाच बांधलेला माझ्या हातात दिला आणि मी तो त्याच संध्याकाळी तिच्या माहेरच्या देवघरात नेऊन ठेवला.