जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर काय करायचं

जास्वंदीच्या शेंड्यावर आणि कळ्यांच्या देठाशी पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला की बरेच जण बुरशी समजून बुरशीनाशक मारत बसतात, पण ती बुरशी नसते, पिठ्या ढेकूण असतो, नर्सरीवाले मिलीबग म्हणतात तो. काडीने जरा खरवडून बघा, खाली मऊ, लंबगोल किडा वळवळताना दिसेल. तो रस शोषतो म्हणून शेंडे आखडतात, पानं चुरगळतात आणि कळ्या उमलायच्या आधीच गळून पडतात.

आता बाटली घेऊन लगेच फवारायला धावू नका, आधी मुंग्या बघा. हे किडे गोड चिकट द्रव सोडतात, मुंग्या तो खायला येतात आणि किड्यांना खाणाऱ्या लेडीबर्ड भुंग्यांना हुसकावून लावतात, म्हणून मुंग्या तशाच राहिल्या तर कितीही फवारा, कीड परत येते. कुंडी भिंतीपासून लांब ओढा, ग्रिलला किंवा शेजारच्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटा, आणि खोडाला रुंद चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन लावा, सालीवर थेट लावू नका.

मग जे शेंडे पांढरेफटक झालेत ते सरळ कापा आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. कापायला जीव होत नाही हे मला कळतं, पण जास्वंदीला फुलं नवीन फुटीवरच येतात, त्यामुळे छाटणीने नुकसान काहीच नाही. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरात फवारा मारा, पानांच्या मागून आणि फांद्यांच्या बेचक्यात, अडकलेले किडे जुन्या टूथब्रशने घासून काढा. पानांवर काळी काजळी धरली असेल तर ती त्या चिकट द्रवावरच वाढते, ओल्या फडक्याने पुसली की निघते.

त्यानंतर नीम ऑइल. ते नुसतं पाण्यात मिसळत नाही, वर तरंगत राहतं, म्हणून आधी 5 मिली तेलात थोडं लिक्विड सोप आणि कोमट पाणी घालून दुधाळ होईपर्यंत हलवा, मग त्याचं 1 लिटर करा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारा, भर उन्हात मारलं तर पानं भाजतात, आणि पहिल्यांदा दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा. कापसाच्या आतली अंडी यात मरत नाहीत त्यामुळे दर 7-8 दिवसांनी अशा तीन-चार फवारण्या लागतातच, एकदा मारून झाड स्वच्छ दिसलं की लोक सोडून देतात आणि तिथेच घोळ होतो. रोजची फुलं गणपतीला वाहायची असतात, घरात लहान मुलं असतात, त्यामुळे जहाल कीटकनाशक बाल्कनीत नकोच.

कीड नाही तरी कळ्या गळतायत? मग पाणी बघा. एप्रिल-मेमध्ये कुंडी एक दिवस जरी खडखडीत वाळली तरी कळ्या जातात. उलट खालची पानं पिवळी पडत असतील तर बोट इंचभर मातीत घालून बघा, ओल असेल तर पाणी थांबवा आणि कुंडीचं भोक बुजलंय का तपासा. युरिया तर बिलकुल नको, कोवळी लुसलुशीत फूट येते आणि मिलीबगला तीच आवडते.

आणि नर्सरीतून नवीन झाड आणलं की पंधरा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा, पानं उलटून बघत रहा, मगच रांगेत लावा.