डीअँडडीच्या नव्या एडिशनवर स्वतःचं ॲडव्हेंचर काढायचंय? नागपुरात बसून हे असं जमवा

सप्टेंबर २०२४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सचं, म्हणजे डीअँडडी या टेबलाभोवती बसून गोष्ट रंगवत खेळायच्या गेमचं, नवं प्लेयर्स हँडबुक आलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल आलं आणि तिन्ही पुस्तकांचा सेट पूर्ण झाला, तेव्हापासून खेळायला बसलं की कोणीतरी हमखास विचारतं, भाऊ आपण यावर ॲडव्हेंचर, म्हणजे खेळवायची तयार गोष्ट, लिहून विकलं तर चालते का, की विझार्ड्सवाले, म्हणजे गेमची मालक कंपनी, नोटीस पाठवतील? चालते. विचारायला पण जायचं नाही कोणाला. फक्त काय घ्यायचं नि काय नाही हे आधी नीट समजून घ्या.

रूल्सचा जो भाग कंपनीने सगळ्यांसाठी मोकळा केलाय त्याला एसआरडी म्हणतात. नव्या एडिशनचा एसआरडी ५.२ हा एप्रिल २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० लायसन्सखाली आला, म्हणजे श्रेय दिलं की कोणीही वापरा, विका. हे लायसन्स एकदा दिलं की परत घेता येत नाही, आणि त्याची किंमत कळायला मागचं थोडं माहीत पाहिजे. २००८ मध्ये चौथी एडिशन आली तेव्हा लायसन्स इतकं आवळलं होतं की छोटे पब्लिशर लांबच राहिले, आणि पायझो या पब्लिशरने तर २००९ मध्ये पाथफाइंडर हा स्वतःचा गेम काढून वेगळं दुकानच थाटलं. मग जानेवारी २०२३ मध्ये जुनं ओजीएल, म्हणजे आधीचं मोकळं लायसन्स, बदलायचा ड्राफ्ट लीक झाला, लोकं असे भडकले की महिना संपायच्या आत विझार्ड्सने माघार घेतली आणि पाचव्या एडिशनचा एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये टाकून दिला. म्हणजे तुम्हाआम्हाला आज जी मोकळीक आहे ती भांडून मिळालेली आहे.

तर पहिलं काम, डीअँडडी बियॉन्ड या कंपनीच्या साइटवरून एसआरडीची पीडीएफ उतरवून घ्या, फुकट आहे. कुठलाही मॉन्स्टर, स्पेल, जादूची वस्तू वापरायच्या आधी त्यात सर्च मारा. सापडलं तर वापरा, नाही सापडलं तर हात लावू नका. गॉब्लिन आहे, आउलबेअर आहे, ड्रॅगन आहेत. बिहोल्डर नाही, माइंड फ्लेयर नाही. त्याच पीडीएफच्या पहिल्या पानावर क्रेडिटचा एक परिच्छेद आहे तो जसाच्या तसा, कॉमासकट, आपल्या पुस्तकात टाका, त्यात भर घालून विझार्ड्सचे आभारबिभार मानू नका, कारण त्या मजकुराव्यतिरिक्त कंपनीचं नाव घेऊ नका असं तिथंच लिहिलंय. कव्हरवर गेमचं नाव किंवा लोगो चालत नाही. ‘५ई कम्पॅटिबल’, म्हणजे पाचव्या एडिशनशी जुळणारं, एवढं मात्र लिहिता येतं, आणि गिऱ्हाइकाला तेवढ्यात समजते.

आता काय लिहायचं. माझं स्पष्ट मत, नवा क्लास, नवी जादूची सिस्टम, तीनशे पानी जग, यातलं काही नको. नवी एडिशन आली की डीएम लोकांकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांकडे, रूल्स असतात पण शनिवारी संध्याकाळी खेळवायला काही नसतं. तो खड्डा छोट्या पब्लिशरने भरायचा असतो. एका बैठकीत संपेल असं चोवीस पानी ॲडव्हेंचर, लेव्हल एक ते तीन, बस.

आणि विषय आपल्या गावातला घ्या, एल्फ आणि टॅव्हर्नवाले लाखो पडलेत. आपल्याकडे मारबत आहे ना राजेहो! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी नि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे म्हणजे छोटे पुतळे, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळं गाव रस्त्यावर, आणि शेवटी शहराबाहेर नेऊन जाळतात. समजा मिरवणुकीच्या आदल्या रात्री पुतळाच चोरीला गेला. जाळला नाही तर वर्षभराची रोगराई गावातच राहणार. झालं की ॲडव्हेंचर तयार, कारण पण आहे, घाई पण आहे, आणि शेवट कुठं होणार हे पण ठरलंय. फक्त गाव काल्पनिक ठेवा, भोसल्यांचा इतिहास, त्यांच्या घराण्यातली बांकाबाई वगैरे ओढू नका, उगाच वाद. परदेशातल्या डीएमला सण दोन ओळींत समजला पाहिजे, त्याला निबंध नको आहे.

चोरांची मारामारी घेऊ म्हणजे नव्या रूल्सचा हिशोब दिसेल. चार खेळाडू, लेव्हल तीन. मॉडरेट, म्हणजे मध्यम अवघड, लढाईचं बजेट माणशी २२५ एक्सपी (प्रत्येक शत्रूला ठरलेले पॉइंट), म्हणजे एकूण ९००. एक बँडिट कॅप्टन ४५०, चार टफ (हे गुंड) १०० प्रमाणे ४००, दोन साधे बँडिट २५ प्रमाणे ५०, बरोबर नऊशे. जुन्या, २०१४ च्या पुस्तकात सात शत्रू म्हटले की बेरजेला अडीचने गुणायचं होतं, म्हणजे हीच टोळी २२५० वर जायची, आणि चार जणांसाठी डेडलीची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या लढाईची, रेघच १६०० ला होती. नव्यात गुणाकार काढूनच टाकलाय. त्यामुळे जुनं ॲडव्हेंचर आकडे न तपासता ‘नव्या एडिशनसाठी’ म्हणून विकू नका, लोकं पहिल्याच लढाईत पकडतात. बाकी बदल पण बघून घ्या, रेस आता स्पीशीज झालं, सरप्राइज म्हणजे आता पहिला राउंड वाया जात नाही, फक्त इनिशिएटिव्हला (कोणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा) डिसॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा, अर्धे हिटपॉइंट गेले की ब्लडीड, आणि स्टॅटब्लॉकमध्ये, म्हणजे शत्रूच्या आकड्यांच्या चौकटीत, इनिशिएटिव्ह वेगळा छापतात.

लिहून झालं की ओळखीच्या नसलेल्या डीएमला द्या आणि तो चालवत असताना तुम्ही तोंड बंद ठेवून बाजूला बसा. तो जिथं पान उलटून शोधाशोध करतो तिथं तुमचं लिखाण कच्चं आहे. मे महिन्यात हे करू नका मात्र, आपल्याकडच्या ४५ डिग्रीत कूलरच्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नाही.

चित्रांसाठी शासकीय चित्रकला महाविद्यालयाची पोरं गाठा, पैसे द्या, आणि हक्क कोणाचे ते ईमेलवर लिहून घ्या. एआयची चित्रं वापरली तर ड्राइव्हथ्रूआरपीजी या विक्रीच्या साइटवर तसा टॅग लावावा लागतो आणि बरेच गिऱ्हाइक तो टॅग पाहूनच पुढं जातात.

विकायचं कुठं? डीएम्स गिल्ड या साइटवर विझार्ड्सची स्वतःची जगं वापरता येतात पण हातात निम्मेच येतात आणि ते पुस्तक दुसरीकडं विकता येत नाही. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर फक्त तिथंच विकलं तर ७० टक्के, नाहीतर ६५. इच डॉट आयओ या साइटवर कट किती द्यायचा ते तुम्हीच ठरवता, नाही ठरवलं तर १० टक्के. मारबतसारखं स्वतःचं जग असेल तर गिल्डवर टाकून त्याला कायमचं बांधून ठेवण्यात काही अर्थ नाही, असं मला वाटते. पैशांसाठी पेपाल काढून ठेवा, त्याने २०२१ पासून भारतातल्या भारतातलं पेमेंट बंद केलंय पण बाहेरचं येते, पॅन नि बँक खातं जोडावं लागते.

मराठी आवृत्ती छापायची तर महाल भागातल्या प्रेसवाल्यांकडे जायच्या आधी दोन गोष्टी. एक, पानं चारच्या पटीत ठेवा, नाहीतर सेंटर पिनच्या बाइंडिंगला शेवटी कोरी पानं उरतात. दोन, टाइप युनिकोडमध्येच करून घ्या. बरेच डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टवर काम करतात, छापील पान मस्त दिसते पण पीडीएफमधून डीएमने काही कॉपी केलं की नुसता कचरा. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट आहेत, आणि इनडिझाइन असेल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. पन्नास-शंभर कॉपी डिजिटलवर काढा, ऑफसेटच्या नादी लागू नका. आयएसबीएन राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन फुकट मिळतो.

आणि विक्री सुरू झाली तरी एसआरडीवर लक्ष ठेवा. मे २०२५ मध्येच ५.२.१ ही दुरुस्त प्रत आली, म्हणजे महिन्याभरात. तुमच्यातला एखादा स्टॅटब्लॉक बदललाय का ते तपासा, नवी प्रत वापरली असेल तर क्रेडिटच्या परिच्छेदातला आकडा पण बदला, आणि नवी फाइल चढवून आधी घेतलेल्यांना कळवा.