थंडीच्या आधी बंब, गिझर, सोलर आणि शेगडी: बेळगावकडच्या घरांची तयारी

दिवाळी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पहाटेचा गारठा लागायला लागतो आणि मग सगळ्यांना एकदमच गिझरवाला आठवतो. अडीच हजार फुटांवरचं गाव आहे बेळगाव, दुपारी स्वेटर काढायला लावतंय खरं पहाटे न्हाणीत पाय ठेववत नाही. म्हणून ही कामं नोव्हेंबरातच उरकून टाका. रूम हीटरचं शेवटी बघू, ते सगळ्यात कमी गरजेचं.

आधी गिझर. बोअरचं जड पाणी असेल तर वर्षभरात आतल्या कॉइलवर पांढरा खडूसारखा थर बसतो, नखानं टवका निघेल इतका जाड, आणि त्या थरामुळं उष्णता पाण्यात जायच्या ऐवजी कॉइलमध्येच अडकते आणि ती जळते. मेन बंद करून टाकी साफ करून घ्या, आत मॅग्नेशियमचा रॉड असतो तो किती उरलाय तेही बघायला लावा, तो स्वतः झिजून टाकी वाचवतो, तो संपला की टाकीला गंज. सेफ्टी व्हॉल्वची दांडी उचलून पाणी सुटतंय का बघा, आणि ईएलसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटन दाबल्यावर करंट गेला नाही तर आधी तो बदला, मग आंघोळ. २५ लिटरचा २००० वॅटचा गिझर २० डिग्रीचं पाणी ५० डिग्रीला न्यायला साधारण अर्धा तास घेतो, युनिट एकाच्या आतच जातं, त्यामुळं पहाटेपासून घर रिकामं होईस्तोवर चालू ठेवायचं काही कारण नाही.

गॅस गिझर असेल तर तो न्हाणीच्या आत नकोच, बाहेर उघड्यावर लावा आणि फक्त पाण्याचा पाईप आत आणा. थंडी लागते म्हणून खिडकी बंद, एक्झॉस्टच्या भोकात बोळा, आणि आत गॅस जळतोय, यात माणसं जातात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोकं जड वाटेपर्यंत उठून दार उघडायची ताकद राहत नाही.

गावाकडं बंब आहे त्यांनी मधली नळी वरून खालपर्यंत खरवडून काजळी काढा, खालची राख आणि जाळी मोकळी करा, वारा खालून आत गेला तरच जळण नीट पेटतं, नाहीतर नुसता धूर. करवंट्या, सोडणं, शेणी आत्ताच वाळवून छपराखाली ठेवा, ओल्या जळणानं पाणी कमी आणि डोळे जास्त तापतात.

सोलरवाल्यांनी एकच बघायचं, सावली. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडं कलतो, आपल्याकडं भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ५० डिग्रीच्या आसपासच वर असतो, त्यामुळं उन्हाळ्यात मोकळं असलेलं पॅनल आता शेजारच्या नव्या तीन मजली घराच्या नाहीतर नारळाच्या सावलीत जातं आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. ट्यूबवरची धूळ पुसा, सकाळी सकाळी, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. गच्चीपासून खालपर्यंतच्या गरम पाण्याच्या पाईपला फोमची नळी चढवा.

आता खोली. स्लायडिंग खिडकीच्या फटीला फोम टेप, दाराच्या खाली जुनी साडी गुंडाळून, शहाबादी फरशीवर सतरंजी नाहीतर घोंगडं, आणि वाकळी दोन दिवस कडक उन्हात. बऱ्याच घरांना एवढंच पुरतं बघा.

तरी लहान बाळ नाहीतर म्हातारं माणूस असेल आणि हीटर घ्यायचाच असेल तर हिशोब करा. २००० वॅटचा हीटर रोज ३ तास म्हणजे ६ युनिट, महिन्याला १८०. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, महिन्याला २०० युनिटच्या वर गेलात की बिल पूर्ण भरायचं, फक्त वरचं नव्हे. १६ अँपियरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्ड नको, अंथरूण-पडद्यापासून ३ फूट तरी लांब. कौलारू घरात तर ऊब सरळ वर निघून जाते, पैसे फुकट.

आणि शेगडी. आज्जी लोक निखाऱ्याची शेगडी पलंगाखाली ठेवायची आणि काही व्हायचं नाही असं सगळे सांगतात, खरं तेव्हा कौलांच्या फटीतून धूर जात होता, आता वर स्लॅब, खिडकीला काच आणि त्या फटीही आपण आत्ताच टेप लावून बुजवल्या. तोच जीवघेणा वायू निखाऱ्यातूनही येतो, धूर दिसत नसला तरी. बाळंतिणीला शेक द्यायचा असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून तेवढ्यापुरती आणा, जागं माणूस जवळ बसवा आणि झोपायच्या आधी शेगडी अंगणात नेऊन पाणी ओता.