चालत्या प्लास्टिक फिल्मवर वळणदार कट मारायचा तर ब्लेड सर्व्होने कसं चालवायचं

कचऱ्याच्या पिशव्यांना वर गाठ मारायला लाटेसारखे कान असतात ना, तसा कट मारताना फिल्म थांबवत नाहीत, ती पळतच असते. ब्लेड फक्त आडवं, एकाच सरळ रेषेत डावीकडे-उजवीकडे हलतं, पुढची चाल फिल्म स्वतःच करते आणि दोन्ही मिळून वळण तयार होतं. शिवाय एका लाटेच्या कटने फिल्मचे दोन भाग होतात आणि दोन्हींना कान मिळतात, फक्त एकमेकांपासून अर्ध्या लाटेने सरकलेले, म्हणजे मधला माल वाया जात नाही.

पूर्वी हे काम लोखंडी कॅम (कडेच्या आकाराने ब्लेडला ढकलून हलवणारी फिरती चकती) करायचा, डिझाईन बदललं की नवा कॅम बनवा. आता तोच कॅम सर्व्हो मोटर (सांगितलेल्या जागी नेमकी जाणारी मोटर) चालवणाऱ्या ड्राइव्हमध्ये किंवा मोशन कंट्रोलरमध्ये टेबल म्हणून, म्हणजे फिल्मच्या कुठल्या लांबीला ब्लेड कुठे याची यादी म्हणून, बसतो, आणि इथेच पहिली गोष्ट डोक्यात पक्की करायची: ब्लेडची जागा फिल्मच्या लांबीवर ठरली पाहिजे, वेळेवर नाही. सेकंदाला इतक्या फेऱ्या असं टायमरवर लावलं तर मशीनचा स्पीड जरा वाढला की लाट लांब होते, उतरला की आखूड, आणि स्टार्ट-स्टॉपला तर नुसता गोंधळ. लांबीवर बांधलं की स्पीड काहीही असो, निदान कागदावर तरी आकार तोच राहतो.

लांबी मोजायला एन्कोडर लागतो, म्हणजे चाक फिरेल तसे काउंट देणारा सेन्सर. तो शक्यतो ओढणाऱ्या रोलरच्या मोटरवर नको, कारण रोलरवर फिल्म घसरते आणि मोटरला ते कळतही नाही. फिल्मवर टेकलेलं मोजणीचं चाक वापरा. 500 मिमी परिघाचं चाक आणि 2500 लाईनचा एन्कोडर घेतला तर चारपट मोजणीने फेरीला 10000 काउंट मिळतात, म्हणजे एक काउंट 0.05 मिमी, या कामाला भरपूर झालं. प्लास्टिक फिल्मवर स्टॅटिक जबरदस्त तयार होतं, त्यामुळे डिफरन्शियल आउटपुटचाच (प्रत्येक सिग्नल उलट-सुलट दोन तारांवर देणारा) एन्कोडर घ्या, केबल शिल्डेड हवी आणि मोटरच्या केबलपासून लांबून न्यायची, नाहीतर भुताटकीसारखे जास्तीचे काउंट येत राहतात आणि माणूस उगाच प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

आता मोटर निवडण्याआधी जरा हिशोब करा, हा भाग बरेच जण टाळतात आणि मग सर्व्होला शिव्या घालतात. समजा लाटेची लांबी 400 मिमी, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे 50-50 मिमी आणि फिल्म 60 मीटर प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला 1 मीटर. साइन लाट धरली तर ब्लेडचा आडवा वेग जास्तीत जास्त 0.785 मीटर प्रति सेकंद येतो आणि प्रवेग साधारण 12.3 मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सव्वापट, सव्वा जी. मालक म्हणाला 120 वर चालवा, तर वेग दुप्पट होतो पण प्रवेग चौपट, पाच जीच्या आसपास! म्हणून ब्लेडची गाडी जितकी हलकी तितकं बरं, जाडजूड लोखंडी ब्रॅकेट तिथे नकोच. बॉलस्क्रू लावणार असाल तर लीड (स्क्रूच्या एका फेरीत गाडी किती सरकते ते) बघा, 60 मीटरलाच 20 मिमी लीडला 2350 आरपीएमच्या वर जावं लागतं आणि 5 मिमी लीडला 9400, ते विसरा. मला स्वतःला अशा ठिकाणी टायमिंग बेल्ट किंवा लिनिअर मोटर जास्त पटते.

कॅम टेबलमध्ये 360 पॉइंट टाकले तर 400 मिमीला सव्वा मिमीपेक्षा कमी अंतरावर एक पॉइंट पडतो, ठीक आहे, पण पॉइंटच्या मध्ये सरळ रेष जोडू नका, स्प्लाइन (गुळगुळीत वळणाची जोडणी) ठेवा, नाहीतर प्रत्येक पॉइंटला वेग बदलतो आणि ब्लेडची गाडी कुरकुरते. टेबलचा शेवट आणि सुरुवात जागेत जुळायला हवी आणि उतारातही. करवतीच्या दातासारखा टोकदार आकार मागितला तर सरळ सांगा की टोकाला थोडी गोलाई द्यावीच लागेल, क्षणात दिशा बदलणारी मोटर कुणाकडेच नाही.

ब्लेड कुठल्या दिशेला बघतंय हाही प्रश्न आहेच. वरच्या आकड्यांत कटचा सगळ्यात तिरका भाग 38 अंशांचा आहे, तिथे सरळ बसवलेलं रुंद ब्लेड फिल्मला बाजूला ढकलतं, सुरकुती पडते आणि कट फाटल्यासारखा दिसतो. लाट पसरट असेल तर अरुंद टोकदार ब्लेडवर भागतं. नाहीतर ट्रॉलीच्या चाकासारखं मागे ओढलं जाणारं, मोकळं फिरणारं ब्लेड घ्या, किंवा ब्लेड फिरवायला दुसरा छोटा सर्व्हो लावून त्याला उताराच्या कोनाचं वेगळं कॅम टेबल द्या. फिल्मला आधार मात्र पाहिजेच: कटच्या अगदी आधी आणि नंतर जवळजवळ दोन बार, मध्ये आडवी फट. ब्लेड आडव्या रेषेतच हलतं, त्यामुळे सरळ फट पुरते.

ट्यूनिंग करताना ब्लेड काढून त्याच होल्डरमध्ये मार्कर पेन लावा. प्रिंटचा मार्क असलेली फिल्म घ्या, हळू, मध्यम आणि फुल स्पीडला प्रत्येकी थोडी चालवा आणि तिन्ही तुकडे मार्क जुळवून उजेडावर एकमेकांवर धरा. शिखरं पुढे-मागे सरकली असतील तर सिस्टीममध्ये उशीर आहे, उंची कमी झाली असेल तर सर्व्हो मागे पडतोय, मग वेगाचा आणि प्रवेगाचा फीडफॉरवर्ड (चूक दिसण्याची वाट न बघता आधीच दिलेला जोर) वाढवा. उशिराचा हिशोब सोपा आहे, 4 मिलिसेकंद उशीर म्हणजे 60 मीटरला 4 मिमी आणि 120 ला 8 मिमी, म्हणून भरपाई फिक्स मिमीमध्ये न देता वेग गुणिले वेळ अशी द्यायची.

प्रिंटशी जुळवायचं असेल तर नुसत्या एन्कोडरवर विसंबू नका. टेन्शनमुळे फिल्म 0.1 टक्का जरी ताणली तरी 400 मिमीला 0.4 मिमी, आणि शंभर लाटांत तेच 40 मिमी होतं. मार्कचा सेन्सर ड्राइव्हच्या फास्ट इनपुटला जोडा, म्हणजे त्या क्षणीचा काउंट हार्डवेअरच पकडतो, पीएलसीच्या (मशीनच्या मुख्य कंट्रोलरच्या) स्कॅनवर, म्हणजे त्याच्या प्रोग्रामच्या फेरीवर, काही अवलंबून राहत नाही. मार्क जिथे यायला हवा तेवढीच छोटी खिडकी उघडी ठेवा, बाकी प्रिंट त्याने बघूच नये, आणि चूक सापडली की एका झटक्यात न भरता सरळ-सपाट भागात हळूहळू भरा.

मशीन थांबताना फिल्म जरा मागे येते, एन्कोडर उलटा मोजतो आणि ब्लेड कापलेल्या वाटेने परत घुसतं, तेव्हा उलटे काउंट बाजूला साठवून ते भरून निघेपर्यंत ब्लेड हलवायचं नाही, आणि फिल्म थांबली की सिलिंडरने ब्लेड वर उचलायचं. सुरुवातही लगेच पूर्ण लाटेने नको, मधल्या रेषेवर सरळ कट सुरू करा आणि पाच-सहा लाटांत उंची शून्यापासून पूर्ण वाढवा, तेवढा माल बाजूला काढायचा. ब्लेड बदलताना कट-प्रूफ ग्लोव्ह्ज घाला, आणि नुसता इमर्जन्सी स्टॉप दाबून गार्ड उघडू नका: ड्राइव्हचा टॉर्क गेला तरी गाडी वेगाने जाऊन आदळू शकते, आणि ड्राइव्हच्या वायरिंगला हात घालायचा असेल तर मेन स्विच बंद करून ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं होईपर्यंत थांबा, आतले कपॅसिटर तोपर्यंत चार्जच असतात.