कर्मचाऱ्याने दावा ठोकला तर? छोट्या मालकाने विमा कसा घ्यावा

कामावरून काढलेल्या माणसाने कोर्टात खेचलं, तर मालकाची बाजू खरी असली तरी वकिलाची फी चुकत नाही. आठ-दहा माणसांच्या धंद्याचं खेळतं भांडवलच त्यात अडकून पडतं. याच जोखमीसाठी ‘एम्प्लॉयमेंट प्रॅक्टिसेस लायबिलिटी’ नावाचा विमा मिळतो. बेकायदा कामावरून काढणं, भेदभाव, लैंगिक छळ, तक्रार केली म्हणून डूख धरणं अशा आरोपांवरून दावा झाला, तर वकिलाचा खर्च आणि भरपाई किंवा तडजोडीची रक्कम तो उचलतो. अमेरिकेत १९९१ च्या नागरी हक्क कायद्याने भेदभावाच्या खटल्यांत ज्यूरीपुढे सुनावणी आणि दंडात्मक भरपाई यांची वाट मोकळी केली. त्या दशकात हा विमा तिथे चांगलाच फोफावला.

आधी तुमच्याकडे असलेल्या पॉलिसी बाहेर काढून वाचा. ‘आपला सगळा विमा आहे’ असं बरेच मालक धरून चालतात. पण सर्वसाधारण दायित्वाचा विमा बाहेरच्या माणसाला झालेल्या इजेचा किंवा नुकसानीचा असतो. कामगार भरपाईचा विमा कामावरच्या अपघाताचा. छळ किंवा भेदभावाचा आरोप सहसा दोन्हीत बसत नाही. एखाद्या पॅकेज पॉलिसीला हे संरक्षण जोडलेलं असलंच, तर त्याची मर्यादा किती आहे ते बघा. ती बरेचदा अगदी तुटपुंजी असते.

मग कागदपत्रं नीट लावा. नेमणूकपत्रं, हजेरी, पगारपत्रक, कामाचे लेखी नियम, तक्रार कुणाकडे करायची याची लेखी सोय. प्रपोजल फॉर्ममध्ये कर्मचारी किती, अर्धवेळ किती, अलीकडे किती जणांना काढलं, पुढे कपात करणार आहात का, हे विचारतात. कुणाशी वाद धुमसत असेल तर तोही लिहा. हप्ता वाढेल म्हणून लपवलेली गोष्ट नेमकी क्लेमच्या वेळी बाहेर येते आणि मग पॉलिसी असून नसल्यासारखी.

आता अटी वाचा, आणि इथे घाई करू नका. सगळ्यात महत्त्वाची अट तारखेची. गाडीच्या विम्यात अपघात कधी झाला ते बघतात. या विम्यात मात्र क्लेम, म्हणजे तुमच्यावरचा दावा, कधी आला आणि तुम्ही तो कंपनीला कधी कळवला यावर सगळं ठरतं. शिवाय एक मागची तारीख ठरलेली असते, तिच्या आधीच्या घटना धरत नाहीत. कंपनी बदलताना ही तारीख पुढे सरकत नाही ना, ते लेखी घ्या.

दुसरी अट वकिलाच्या फीची. बऱ्याच पॉलिसींत ही फी मूळ मर्यादेतूनच वजा होते. समजा मर्यादा १०० रुपयांची आहे आणि निकालापर्यंत वकिलावर ४५ गेले, तर भरपाईसाठी उरले ५५. हे लक्षात घेऊनच मर्यादा ठरवा. सुरुवातीचा ठरावीक खर्च तुमच्या खिशातूनच जातो, तो झेपेल एवढाच ठेवा.

तिसरी अट तडजोडीची. समोरचा ३० वर मिटवायला तयार आहे, विमा कंपनीही तयार आहे, पण तुम्हाला ते अपमानास्पद वाटतं म्हणून नकार दिलात. काही पॉलिसींत त्यापुढचा सगळा किंवा बराचसा भार तुमच्यावर येतो. हे कलम सौम्य करून मिळतं का, ते एजंटला जरूर विचारा.

वगळलेल्या गोष्टीही बघा. थकलेला पगार आणि ओव्हरटाइमचे दावे बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात, फार तर वकिलासाठी थोडी रक्कम देतात. अर्धवेळ आणि तात्पुरती माणसं, मुलाखतीला आलेले उमेदवार यांचे दावे धरलेत का? ग्राहकाने तुमच्या माणसावर छळाचा आरोप केला तर? ते संरक्षण कधी कधी वेगळं मागावं लागतं.

नोटीस आली की त्याच दिवशी कळवा. कोर्टाचा समन्सच यायला हवा असं नाही. वकिलाचं पत्र, सरकारी खात्याकडची तक्रार, एवढंच काय, पैशाची लेखी मागणीसुद्धा क्लेम ठरू शकते. ‘बघू, बोलून मिटेल’ म्हणत पत्र खणात ठेवलं आणि मधल्या काळात पॉलिसीची मुदत संपली, तर हक्काचं संरक्षण हातचं जातं. कंपनीला न विचारता वकील नेमू नका, चूक कबूल करू नका, पैसे देऊ करू नका. ईमेल आणि मोबाइलवरचे मेसेज जसेच्या तसे ठेवा. तक्रारदार अजून कामावर असेल तर त्याची पाळी बदलणं, त्याला बाजूला काढणं कटाक्षाने टाळा. त्यातून सूड उगवल्याचा दुसरा दावा उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षा सिद्ध करायला सोपा असू शकतो.

धंदा बंद करताना किंवा विकतानाही पॉलिसी नुसती सोडून देऊ नका. जुन्या माणसाचा दावा नंतरही येऊ शकतो. मुदत संपल्यावरही क्लेम कळवता यावा म्हणून वाढीव मुदत विकत मिळते. ती घेण्यासाठी दिवस मोजकेच असतात, म्हणून व्यवहाराची बोलणी चालू असतानाच एजंटला गाठा.