मुंबईत बसून ब्रिटनमधल्या ‘सेफ’ सीटची पोटनिवडणूक कशी बघायची

‘सेफ’ सीट म्हणजे एकाच पक्षाचा पक्का गड. पहिलं काम म्हणजे निवांत झोपा. तिकडे मतदान शक्यतो गुरुवारी असतं, सकाळी ७ ते रात्री १०, म्हणजे उन्हाळ्यात संपेपर्यंत आपल्याकडे अडीच वाजतात, थंडीत साडेतीन, त्यात ईव्हीएम नाही, कागदी मतपत्रिका आणि हाताने मोजणी, सो रात्रीच मोजायला घेतलं तर निकाल साधारण आपल्या सकाळच्या लोकलच्या टायमाला येतो. ठाण्याला सीट मिळाली तर दादरपर्यंत आरामात बघून होतं.

झोपायच्या आधी मात्र मागच्या निवडणुकीचे टक्के लिहून ठेवा. मार्जिन नको, टक्केच. कारण पोटनिवडणुकीत लोक घराबाहेरच पडत नाहीत, २०१२ ला मँचेस्टर सेंट्रलमध्ये १८.२ टक्के मतदान झालं होतं, सीट लेबर पक्षाचीच राहिली. मतदारच निम्मे आले तर मार्जिनही निम्मं होणार ना, त्याला ‘दणका’ म्हणणाऱ्या हेडलाइनवर विश्वास ठेवू नका.

आता स्विंग काढा, म्हणजे मतं एका पक्षाकडून दुसऱ्याकडे किती सरकली ते. एकाचे किती टक्के घटले, दुसऱ्याचे किती वाढले, बेरीज करून भागिले दोन. डिसेंबर २०२१, नॉर्थ श्रॉपशायर, पक्का कॉन्झर्व्हेटिव्ह गड, खासदाराने लॉबिंग प्रकरणात राजीनामा दिलेला. कॉन्झर्व्हेटिव्ह ६२.७ वरून ३१.६, लिबरल डेमोक्रॅट १० वरून थेट ४७.२. म्हणजे स्विंग ३४ च्या वर! आणि गंमत बघा, आधी दुसऱ्या नंबरवर लेबर होती, ती २२ वरून १० च्या खाली, तिसऱ्या नंबरवर आली, कारण लेबरवाल्यांनी सरळ जिंकू शकणाऱ्याला मत टाकलं. म्हणून तिसऱ्या नंबरचे टक्के बघितल्याशिवाय काही बोलूच नका.

आपल्या अंधेरी पूर्वला २०२२ मध्ये भाजपने माघार घेतली आणि नोटा १२,८०६ मतं घेऊन दुसरा आला, आठवतंय ना? तिकडे नोटाच नाही, त्यामुळे चिडलेला माणूस घरी बसतो नाहीतर तिसऱ्याच कुणाला तरी मत देतो, आणि हे दोन्ही टक्क्यांत दिसतं.

बाय द वे, तिकडे राहणाऱ्या भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तो मत देऊ शकतो, फक्त मतदार यादीत नाव हवं आणि बूथवर फोटो आयडी. तो कंटाळा करत असेल तर त्याला रंकॉर्न अँड हेल्सबीचा निकाल पाठवा, लेबरची १४,६९६ ची आघाडी होती, मे २०२५ मध्ये फेरमोजणी होऊन रिफॉर्म यूके या पक्षाने ती सीट घेतली, ६ मतांनी.