व्हिसा निवडायच्या आधी घरातली माणसं मोजा

देश ठरला, कॉलेजचं नाहीतर नोकरीचं पत्र हातात आलं, की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला: लवकर कुठला व्हिसा होतो? मी पण हाच विचारला, लवकर होणारा व्हिसा घेतला आणि पस्तावले. म्हणून ही यादी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूच्या लोकांसाठी वेगळी लिहायचं कारण एवढंच, की आपला जन्मदाखला एका राज्याचा, डिग्री दुसऱ्या राज्याची आणि लग्न कदाचित गोव्यात लागलेलं असतं. पुण्या-मुंबईकडच्यांनी केलेल्या याद्या आपल्याला अर्ध्याच लागू पडतात.

उघड गोष्टी आधी उरकते. पासपोर्टाची मुदत भरपूर हवी, कोरी पानं हवीत, फोटो नवा हवा. झालं.

कशासाठी जाताय ते एका वाक्यात वहीत लिहा. शिकायला, ठरलेल्या नोकरीवर, नोकरी शोधायला, की तिथं असलेल्या माणसाकडं राहायला. एका वाक्यात दोन कारणं कोंबायला लागली तर थांबा. अर्ज एकाच कारणावर होतो आणि दुसरं कारण तिकडं पोचल्यावर घुसडता येईलच असं नाही. "आधी व्हिजिटवर जा, तिकडं बदलून घेऊ" असं कुणी सांगितलं तर त्याच्या चहाचे पैसे देऊन उठून या. दुबईत व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. ऑगस्ट २०२४ पासून परवान्याशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा तपासणीला कुणी आलं तर मालक तुम्हाला ओळखही दाखवायचा नाही. कॅनडात व्हिजिटरला तिथंच बसून वर्क परमिटचा अर्ज करता येत होता, ती कोविडच्या काळातली सवलत २८ ऑगस्ट २०२४ ला बंद झाली. तरी ती अजून विकणारे आहेत.

दहावी झालेली नसेल आणि पासपोर्टावर ईसीआर (म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा शेरा) असेल, तर आखातासह अठरा देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची इमिग्रेशन मंजुरी लागते. ती टाळायला म्हणूनच एजंट व्हिजिटचं तिकीट काढतो. ती मंजुरी घेतलेली नसली की पगार अडकल्यावर तक्रारीला हातात फारसं काही राहत नाही.

आता माझं जे राहिलं ते. नीट वाचा. या व्हिसावर माझ्याबरोबर कोण येऊ शकतं, आणि आलेल्या माणसाला तिथं काम करता येतं का? हे दोन प्रश्न फी भरायच्या आधी विचारायचे. ऑफर आल्यावर विचारू, पोचल्यावर बघू, असं नाही. आधी.

मी नर्स, मिस्टर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर कामाला. ब्रिटनमध्ये मी मास्टर्स करायचं, पाठोपाठ मिस्टर आणि मुलगी येतील, असं आमचं गणित. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सना तो रस्ता बंद झालेला होता. संशोधनाचा कोर्स किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल तरच विद्यार्थ्याला जोडीदार आणि मुलं नेता येतात. नियम काही लपवलेला नव्हता. मी विद्यार्थ्याचं पान वाचलं, कुटुंबाचं पान उघडलंच नाही. आमच्या एजंटानंही उघडलं नाही, त्याला कशाला पडलीय. नोंदणी मिळवून त्याच देशात नर्स म्हणून हेल्थ अँड केअर व्हिसावर (आरोग्यक्षेत्रातल्या नोकरीचा व्हिसा) गेले असते तर घर बरोबर आलं असतं आणि मिस्टरांना जवळपास कुठलंही काम धरता आलं असतं.

त्यातही खड्डा आहे. नर्स वेगळी आणि केअर वर्कर वेगळा. केअर वर्करांना ११ मार्च २०२४ पासून कुटुंब नेता येत नाही आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून त्यांची नवी भरतीच बंद आहे. आपल्याकडं दोन्हीला सरसकट "हॉस्पिटल लाइन" म्हणून खपवतात. पत्रावर पदाचं नाव काय आहे ते बघा, व्हिसाचं नाव नंतर.

बाकीचे देश घेते, पण प्रत्येक ठिकाणी तेच दोन प्रश्न: कोण येणार, काम करणार का. अमेरिकेत एफ-१ वर शिकणाऱ्याच्या जोडीदाराला एफ-२ मिळतो आणि एफ-२ वर नोकरी करता येत नाही. एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो, पण कामाची परवानगी सहसा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झाल्यावरच मागता येते. कंपनीनं बदलीवर एल-१ दिला तर मात्र जोडीदाराला काम करता येतं. कॅनडानं २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या जोडीदारांचं ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडं काम करायची परवानगी) आवळलं. आता ते पीएचडी, किमान सोळा महिन्यांचं मास्टर्स आणि काही ठरावीक व्यावसायिक कोर्स एवढ्यापुरतंच राहिलंय. म्हणजे डिप्लोमाला जाणाऱ्या पोराची बायको तिकडं गेली तर त्याच्या जोरावर तिला काम मिळणार नाही, आणि घर चालणार त्याच्या पार्टटाइमवर. हिशेब कागदावर करा.

जर्मनीत ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांच्या नोकरीचा परवाना) असेल तर जोडीदाराला आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि गेल्यावर कामही करता येतं. आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या पगारी प्रशिक्षणाला, जाणाऱ्याच्या जोडीदाराला सहसा ए-१, म्हणजे पहिल्या पायरीचं, जर्मन दाखवावं लागतं, शिवाय प्रशिक्षणाच्या पगारात घर चालतं हेही सिद्ध करावं लागतं, जे अवघड आहे. १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या अपॉर्च्युनिटी कार्डाची आपल्याकडं फार हवा आहे. ते नोकरी शोधायला दिलेलं कार्ड आहे. कुटुंबाचा बेत त्यावर आखू नका. नोकरी लागली, व्हिसा बदलला, मग घरच्यांचं.

आखातात प्रश्न पगाराचा. अमिरातीत कुटुंब बोलवायला महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, एवढं किमान लागतं. नेमणूक पत्रात मूळ पगार किती आणि भत्ते किती हे वेगवेगळं लिहून घ्या.

लग्न झालेलं नाही म्हणून वरचं सोडून दिलंत का? मागं जा आणि वाचा. आई पुढच्या मार्गशीर्षात स्थळं बघायला लागणारच आहे, तेव्हा तुमचा व्हिसा कुठला हा प्रश्न मुलीकडचे आधी विचारतील.

आणि घरचे आत्ता येणार नसले तरी त्यांची नावं फॉर्ममध्ये लिहा. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जात जोडीदार आणि मुलं दाखवली नाहीत तर मागाहून त्यांना त्या व्हिसावर आणणं मुश्किल होतं. कॅनडाच्या पीआरमध्ये, म्हणजे कायम राहण्याच्या अर्जात, तर न दाखवलेल्या माणसाला पुढं कुटुंब म्हणून बोलावण्याचा हक्कच जाऊ शकतो. "ती येत नाहीये ना, मग कशाला लिहायचं" असं म्हणून रकाना रिकामा ठेवणारे मला माहीत आहेत. रिकामा ठेवू नका.

हे झालं की कागद, आणि इथं आपण सीमाभागातले लोक अडकतो. लग्नाचा दाखला आधी. पत्रिका, हॉलची पावती, अल्बम यातलं काही चालत नाही, नोंदणीचाच दाखला लागतो. आपले सोयरे चंदगड, गडहिंग्लज, आजरा, सावंतवाडीत, त्यामुळं लग्न तिकडं लागलेलं असतं आणि दाखला महाराष्ट्राचा निघतो. मुलांचे जन्मदाखले बेळगाव महापालिकेचे, म्हणजे कर्नाटकाचे. डिग्री कुणाची धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची, कुणाची बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची, कुणाची कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. परदेशासाठी साक्षांकन करताना कागद ज्या राज्यानं दिला, सहसा त्या राज्याचा शिक्का आधी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा. त्यामुळं एकाच घराची निम्मी फाइल बेंगळुरूला आणि निम्मी मुंबईला जाते. हा वेळ धरा. अपोस्टिलची, म्हणजे करारातल्या देशांत कागद खरा मानला जाण्यासाठीच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्याची, सरकारी फी कागदामागं ५० रुपये आहे, त्यावरचं सगळं सेवाशुल्क आणि एजंटाचं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया हे देश अपोस्टिल मानतात, कॅनडाही जानेवारी २०२४ पासून. अमिराती, कतार, कुवेत यांना त्यांच्या दूतावासाचा वेगळा शिक्का लागतो. जर्मनी भारताचं अपोस्टिल मानत नाही, तेव्हा तिकडच्यासाठी अपोस्टिल करून पैसे घालवू नका.

नावं जुळवा. लग्नाआधीचं नाव डिग्रीवर, नंतरचं आधारवर, आणि पासपोर्टावर दोन्हींची मिसळ, हे आपल्याकडच्या बायकांचं नेहमीचं. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, म्हणून जुन्या पासपोर्टावर जन्मगाव बेळगाव आणि नव्या दाखल्यावर बेळगावी असतं. हे सहसा अडवत नाही, पण अर्जात पासपोर्टावरचंच स्पेलिंग घाला. नवऱ्याच्या अर्जातही तेच, मुलांच्याही. सगळ्यांच्या अर्जांत तुमचं नाव एकाच पद्धतीनं यायला हवं.

अर्ज कुठं द्यायचा हे पत्त्यावर ठरतं. कोल्हापूरचा मावसभाऊ जर्मनीसाठी मुंबईला गेला म्हणून तुम्हीही मुंबई धराल, तर चुकाल. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज जर्मनीच्या मुंबई वाणिज्य दूतावासाकडं, कर्नाटक आणि केरळचे बेंगळुरूकडं. राहायला शिनोळीत असाल तर महाराष्ट्र, तिथून थोडं अलीकडं असाल तर कर्नाटक. बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, १० ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे, जायचा त्रास पूर्वीइतका नाही. मुंबईची अपॉइंटमेंट मिळते म्हणून खोटा पत्ता देऊ नका.

पैसे. जर्मनीच्या विद्यार्थ्याला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) वर्षाला ११,९०४ युरो, हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. ब्रिटनच्या वर्क व्हिसाला नोकरी देणाऱ्यानं हमी घेतली नसेल तर स्वतःचे १,२७० पाउंड खात्यात सलग २८ दिवस हवेत. आणि परत तेच: घरचे येणार असतील तर जोडीदाराचे २८५ आणि पहिल्या मुलाचे ३१५ त्यावर. हे मोजायचं राहतं, कारण आपण स्वतःपुरताच आकडा वाचतो. पिग्मी, भिशी, पतसंस्थेतली ठेव यांच्यावर विसंबू नका. पैसे वेळेवर बँकेत आणा आणि त्यांना हात लावू नका. भाच्याच्या बारशाला पण नाही.

एजंट घ्यायचाच असेल तर नोकरीसाठी परवाना असलेला घ्या. परवाना ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर तपासता येतो. अशा एजंटानं उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, याच्या वर शुल्क घ्यायचं नाही. विद्यार्थ्यांच्या कन्सल्टंटला सहसा कॉलेजकडून कमिशन मिळतं, म्हणून तो कॉलेजच्या सोयीचा व्हिसा सुचवतो. त्याला समोर बसवून विचारा: माझा नवरा येऊ शकतो का? हो म्हणाला तर सरकारच्या वेबसाइटवरचं पान उघडून दाखव म्हणा. मोबाइलवर आलेली पीडीएफ नको. पान.

आता पटापट. ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर टीबीची तपासणी, त्यांनी नेमून दिलेल्या क्लिनिकमध्येच, दाखला सहा महिने चालतो, घरच्यांचीही करायची. आखातासाठी वाफिदचं, म्हणजे आखाती देशांच्या ऑनलाइन नोंदणीतून होणारं, मेडिकल. जर्मनीला शिकायला जात असाल तर एपीएस (आपल्या शिक्षणाच्या कागदांची पडताळणी झाल्याचा दाखला), आणि ते सगळ्यात आधी, कारण त्याला वेळ लागतो. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून. मूल एका पालकाबरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र, नोटरी करून. भरलेला अर्ज पाठवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, कुटुंबाचा रकाना दोनदा. मुलाखतीत विचारलं तेवढंच बोला.

व्हिसा आल्यावर तारखा आणि स्पेलिंग तिथल्या तिथं बघा. तिकीट त्यानंतर, आधी नाही. मूळ कागद हातातल्या बॅगेत, स्कॅन मेलवर. ब्रिटनचा व्हिसा आता ऑनलाइन असतो, त्या खात्याला पासपोर्ट जोडायचा. नवरा आणि मुलांची खाती वेगळी, ती पण जोडा.